पहिला लेपर्ड गेको : आधी टाकी, मग पाल

निशाचर
लेपर्ड गेको घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी पाल पसंत करतात, मग तिच्या मापाची टाकी बघतात आणि दिव्याचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करा, एवढं एक सांगायला हा धागा काढलाय. टाकी पूर्ण लावायची, दिवा आणि थर्मोस्टॅट (तापमान ठरवलेल्या आकड्यावर राखणारं यंत्र) चालू करायचे आणि निदान सात दिवस ती रिकामीच चालवायची. दुपारी किती, पहाटे किती, खोलीतला पंखा लावल्यावर किती, हे आकडे वहीत उतरले आणि हलायचे थांबले की मग पाल आणायची.

कारण असं, की या प्राण्याची चूल पोटाबाहेर असते. खाल्लेला किडा पचवायला लागणारी ऊब त्याच्या शरीरात तयार होत नाही, ती जमिनीतून किंवा वरून मिळवावी लागते. ऊब कमी पडली की किडा पोटात तसाच राहतो, भूक जाते, बद्धकोष्ठ होतं, गेको मलूल पडतो आणि मालक मात्र किड्यांचे प्रकार बदलत बसतो.

हा मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ, कोरड्या भागातला. दिवसा दगडांच्या फटीत, तिन्हीसांजेला आणि रात्री बाहेर. भिंतीवरच्या पालीशी त्याची तुलना करू नका. याला मिटणाऱ्या पापण्या असतात आणि बोटांखाली चिकटणाऱ्या पट्ट्या नसतात, त्यामुळे काचेवर चढता येत नाही. म्हणून टाकी उंच असण्यापेक्षा लांब असलेली बरी. पूर्ण वाढ २० ते २५ सेंमी, वजन साधारण ५० ते ८० ग्रॅम. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. (शाळकरी मुलासाठी घेताय? मूल नोकरीला लागेल तेव्हाही हा टाकीतच असेल.)

टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी घ्या. ६० × ४५ च्या तळात एकटा प्रौढ राहतो, पण गरम आणि थंड टोकात हवा तेवढा फरक राखताना नाकी नऊ येतात. दार पुढून उघडणारं असावं. वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो आणि तो दर वेळी पळतो. वर बारीक जाळीचं झाकण.

तापमान असं हवं (सगळं सेल्सिअसमध्ये): दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ३४ ते ३६ अंश, गरम बाजूच्या गुहेच्या आत ३१ ते ३३, थंड टोकाला २२ ते २५. रात्री सगळीकडे २० पर्यंत उतरलं तरी हरकत नाही, उलट चांगलं.

लपायला तीन जागा. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला आणि एक दमट, ओल्या शेवाळाची. पिण्याच्या पाण्याची उथळ ताटली थंड बाजूला. बाकी फांद्या, दगड, खोटी पानं ज्याला जशी आवडतील तशी. फक्त जड दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा, मातीवर नको. गेको खालून उकरतो आणि दगड त्याच्याच अंगावर येतो.

शंकासुर
छान धागा. दोन शंका. पिल्लू मोठ्या टाकीत बावरतं म्हणून आधी छोटी टाकी घ्यावी असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते खरं का? आणि तळाखालची हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) बरी की वरचा दिवा? या प्रश्नावर दोन माणसं एक उत्तर देत नाहीत.

काचघर
पिल्लू मोकळ्या टाकीत बावरतं, मोठ्या टाकीत नाही. ९० सेंमीच्या टाकीत एक गुहा आणि बाकी उघडं मैदान ठेवलंत तर प्रौढसुद्धा दबून बसेल. तळाचा निम्म्याहून जास्त भाग कशाच्या तरी आडोशाला येईल इतकी भर घाला आणि पिल्लाला पहिल्या दिवसापासून मोठ्या टाकीत सोडा. अडचण एकच, किडे शोधायला त्याला वेळ लागतो. त्यावर वाडग्यात किंवा चिमट्याने खायला घालणं हा उपाय.

आता ऊब. हॅलोजन दिव्याची उष्णता उन्हासारखी वरून येते आणि कातडीच्या आत स्नायूंपर्यंत पोचते. ती खालचा दगड तापवते आणि दिवा विझल्यावर दगड हळूहळू निवत जातो. हीट मॅट फक्त तिला टेकलेला पृष्ठभाग तापवते, टाकीतली हवा फारशी गरम करत नाही. थंड खोलीत नुसत्या मॅटवर चालवलेली टाकी म्हणजे गार खोलीत गरम फरशी. माझा कौल वरच्या दिव्याला. पण खोली मुळातच उबदार असेल आणि टाकीचा तळ फरशीचा असेल, तर तळाचा एक तृतीयांश भाग व्यापणारी मॅट चालून जाते.

४५ सेंमी उंचीच्या टाकीला साधारण ५० ते ७५ वॉटचा हॅलोजन पुरतो. नेमका किती ते तुमची खोली ठरवते, म्हणून तर रिकामी टाकी चालवायची. दिवा मधोमध लावू नका, अगदी एका टोकाला. मधोमध लावला की दोन्ही टोकं सारखीच कोमट होतात.

थर्मोस्टॅट तीन प्रकारचे असतात आणि इथे बरेच जण चुकतात. चालू-बंद करणारा साधा थर्मोस्टॅट मॅटला चालतो. हॅलोजनला तो लावलात तर दिवा दिवसभर लुकलुकत राहील आणि लवकर जाईल, त्याला डिमिंग थर्मोस्टॅट, म्हणजे दिवा बंद न करता मंद-प्रखर करणारा, लागतो. चिनी मातीच्या उष्णता-दिव्याला, म्हणजे सिरॅमिक एमिटरला, पल्स थर्मोस्टॅट (वीज छोट्या छोट्या ठोक्यांनी सोडणारा) उत्तम.

मॅट असो वा दिवा, थर्मोस्टॅटशिवाय काहीही लावायचं नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट ४० अंशांच्या वर सहज जाते. हा प्राणी पोट टेकवून पडून राहतो आणि भाजतंय हे त्याला वेळेत कळत नाही. पोटावरचा भाजल्याचा डाग आपल्याला दिसतो तोवर बरेच दिवस झालेले असतात.

आतून तापणारे कृत्रिम दगड मिळतात, तेही याच कारणासाठी नकोत. आणि रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे लाल-निळे दिवेही नकोत. या रंगांचा उजेड त्याला दिसतो आणि दिवस-रात्र कळेनाशी होते. रात्री खोली १८ अंशांखाली जात असेल तरच उजेड न देणारा सिरॅमिक एमिटर लावा.

निशाचर
सहमत. एक भर. प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरीच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, कुठे बसवलाय यावर सगळं अवलंबून आहे. प्रोब हवेत लोंबकळत ठेवला तर थर्मोस्टॅट हवा ३४ अंश करायला धडपडतो आणि खालचा दगड तोवर ४५ वर जातो. दिव्याचा प्रोब दिव्याखालच्या दगडावर, गेको जिथे पडतो तिथेच, पट्टीने घट्ट बांधा. मॅटचा प्रोब मॅटच्या वर, तळाला चिकटवून. आणि थर्मोस्टॅटच्या पडद्यावरचा आकडा खरा मानू नका. वेगळा डिजिटल प्रोब थर्मामीटर आणि जमल्यास इन्फ्रारेड पिस्तूल (दुरून रोखून पृष्ठभागाचं तापमान सांगणारं) ठेवा. काचेला चिकटवायच्या गोल काट्याच्या थर्मामीटरला खोलीची हवा कळते, बस.

कोरडवाहू
टाकीच्या तळात काय घालायचं यावर कोणी अजून बोललं नाही म्हणून लिहितो.

बारीक चाळलेली बागेची माती (खत आणि कीटकनाशक नसलेली) दोन भाग, धुतलेली वाळू एक भाग, त्यात मूठ-दोन मूठ चिकणमाती. पाणी शिंपडून कालवा, ८ ते १० सेंमी थर दाबून बसवा आणि पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर ती कडक, भेगाळलेल्या शेतासारखी होते. गेको त्यात बिळं करतो आणि नखं आपसूक झिजतात. ओली असताना गेको आत सोडू नका. आठवडाभर वाळवण चालतं, म्हणजे तुमचा रिकाम्या टाकीचा आठवडा इथेच सार्थकी लागला.

नुसती वाळू नको. 'कॅल्शियम सँड' म्हणून विकली जाते ती तर मुळीच नको. ती पचते असा दावा असतो, प्रत्यक्षात ओली झाली की गोळा होते. कॅल्शियमची चव असल्यामुळे गेको ती मुद्दाम चाटतो, हे आणखी वाईट. अक्रोडाच्या टरफलांचा भुगाही नको, कडा टोकदार असतात.

आणि हो, मातीचा थर घातलात तर तळाखालची मॅट विसरा. माती उष्णता अडवते. वर जमीन गारच राहते, खाली काच आणि मॅट यांच्यात उष्णता कोंडते, काच तडकते. मातीबरोबर वरचा दिवाच.

डबाभर_अळ्या
माती नवख्याला सुचवू नका हो. वाळू पोटात जाऊन आतडं तुंबल्याच्या केसेस कमी नाहीत.

कोरडवाहू
केसेस आहेत, मान्य. पण त्यात बहुतेकदा आधी दुसरं काही बिघडलेलं असतं. टाकी थंड असते, पाणी कमी पडलेलं असतं किंवा कॅल्शियम कमी असल्यामुळे प्राणी माती चाटत असतो. ३५ अंशांचा दगड आणि कॅल्शियमची भुकटी लावलेले किडे मिळणारा गेको दोन-चार कण गिळतो आणि विष्ठेतून बाहेर टाकतो. तरी एक तडजोड सुचवतो, ती तुम्हालाही पटेल. नवीन आणलेला गेको पहिले चार ते सहा आठवडे नुसत्या टिश्यू पेपरवर ठेवा.

निशाचर
टिश्यू पेपरचा मुद्दा +१. त्यावर विष्ठा दिसते. निरोगी विष्ठा म्हणजे तपकिरी, आकार असलेला तुकडा आणि त्याला लागून पांढरा युरेटचा (घट्ट झालेल्या लघवीचा) खडा. युरेट सतत पिवळा-नारिंगी असेल तर पाणी कमी पडतंय किंवा आजार आहे. पातळ, घाण वासाची विष्ठा दोन-तीनदा दिसली तर ताजा नमुना सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडे. हे सहा आठवडे टाकी साधी ठेवा, धुता येतील अशा प्लास्टिकच्या गुहा पुरेत. मातीची सजवलेली टाकी तोवर शेजारी वाळत बसू दे.

शंकासुर
गेको रात्री फिरणारा प्राणी आहे, तर यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारा) दिवा कशाला? आणि लावला तर किती टक्क्यांचा?

काचघर
लागतोच असं नाही. यूव्हीबीशिवाय पिढ्यानुपिढ्या गेको वाढलेत, फक्त मग डी-३ जीवनसत्त्व भुकटीतून द्यावं लागतं. पण भुकटीतून किती पोटात गेलं याचा हिशेब आपण अंदाजाने करतो. कमी पडलं तर हाडं मऊ होतात, जास्त झालं तर डी-३ चरबीत साठत असल्याने शरीराबाहेर लवकर पडत नाही. उजेडातून तयार होणाऱ्या डी-३ ला शरीर स्वतःच लगाम घालतं. संध्याकाळी आणि पहाटे गुहेच्या तोंडाशी शेपूट किंवा पाय बाहेर काढून हे पडतात, तेवढंही त्यांच्या कामाचं.

सरपटणाऱ्या प्राण्यांना किती ऊन लागतं त्याचे चार गट करतात, त्यांना फर्ग्युसन झोन म्हणतात. लेपर्ड गेको झोन १ मध्ये, सावलीतला. म्हणजे यूव्ही निर्देशांक ० ते ०.७. त्यासाठी टी-५ नळीचा ५ ते ७ टक्क्यांचा दिवा, टाकीच्या साधारण निम्म्या लांबीचा, गरम बाजूलाच. ऊब आणि यूव्हीबी एकाच टोकाला, सावली आणि गारवा दुसऱ्या टोकाला. १० किंवा १२ टक्क्यांचा वाळवंटी दिवा नको.

साध्या काचेतून यूव्हीबी जात नाही, त्यामुळे दिवा काचेच्या झाकणावर ठेवून उपयोग शून्य. जाळीवर ठेवला तर जाळी बराच भाग अडवते, ते धरून उंची ठरवा. नळी वर्षाने बदला. तिचा उजेड चालूच राहतो, यूव्हीबी मात्र उतरलेलं असतं. उन्हाळ्यात १४ तास, हिवाळ्यात १० ते १२, टायमर लावून टाका.

अल्बिनो जातीचा गेको असेल तर हे सगळं अर्ध्यावर आणा. त्यांचे डोळे उजेड सोसत नाहीत, दिवसभर मिटून बसतात.

डबाभर_अळ्या
खाण्याचं मी लिहिते.

लेपर्ड गेको फक्त किडे खातो. फळ, भाजी काही नाही. रोजच्या खाण्यात रातकिडे, डुबिया झुरळं, ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या आणि मीलवर्म, यांतले दोन-तीन आलटून पालटून. वॅक्सवर्म म्हणजे मिठाई, चरबीचा गोळा. महिन्यातून एक-दोन. त्याची चटक लागली की बाकी किड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत.

किड्याचं माप असं: गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नको. पिल्लाला रोज पाच-सहा किडे. चार-पाच महिन्यांनंतर एक दिवसाआड. वर्ष ओलांडलं की दर दोन-तीन दिवसांनी पाच ते आठ. दिवे मालवायच्या सुमाराला द्या, तेव्हा तो जागा होतो.

किडा रिकाम्या पोटी द्यायचा नाही. आधी २४ ते ४८ तास त्यालाच गाजर, हिरवा पाला आणि धान्याचा भरडा खाऊ घाला. गेकोच्या पोटात जातो तो किडा आणि किड्याच्या पोटातला माल, दोन्ही.

आता भुकटी. शरीराला कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण दोनास एक लागतं आणि रातकिड्यात ते उलटं, फॉस्फरस कितीतरी पट जास्त. म्हणून किडे पिशवीत घालून चिमूटभर भुकटीत हलवायचे, पिठी साखर भुरभुरल्यासारखे दिसले पाहिजेत. पांढरेफटक नकोत, चव बिघडते आणि गेको तोंड फिरवतो. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांत कॅल्शियम मुळातच भरपूर, त्यांना भुकटीची गरज नाही.

यूव्हीबी दिवा असेल तर बहुतेक वेळा साधं कॅल्शियम आणि दर दोन आठवड्यांनी एकदा डी-३ असलेलं मल्टिव्हिटॅमिन. दिवा नसेल तर डी-३ असलेलं कॅल्शियम, डब्यावर लिहिलंय त्या हिशेबाने. पद्धत एकच निवडा. दोन वेगवेगळे डी-३ चे डबे एकावर एक वापरणं हा जास्त काळजी घेणाऱ्यांचा आवडता घोळ. मल्टिव्हिटॅमिन घेताना त्यात तयार अ-जीवनसत्त्व, म्हणजे रेटिनॉल, आहे ना ते बघा. नुसत्या बीटा-कॅरोटिनचं अ-जीवनसत्त्व हे गेको पुरेसं बनवू शकतात याचा भरवसा नाही आणि अ कमी पडलं की डोळ्यांत कात अडकणं, डोळे सुजणं सुरू होतं.

रातकिडे रात्रभर टाकीत मोकळे सोडू नका. वीस मिनिटांत न खाल्लेले बाहेर काढा. झोपलेल्या गेकोची बोटं आणि पापण्या ते कुरतडतात. मीलवर्म आणि डुबिया गुळगुळीत उभ्या कडेच्या वाडग्यात ठेवले तर बाहेर पडत नाहीत, कामावर जाणाऱ्यांना तेच सोयीचे.

बागेतले किडे पकडून देऊ नका. कीटकनाशक आणि परजीवी, दोन्हींची धास्ती. काजवा तर चुकूनही नको, तो विषारी आहे. एका काजव्याने सरडे मेल्याची नोंद आहे.

शेपूटजाड
एक ग्रॅम अचूकतेचा छोटा वजनकाटा घ्या, थर्मोस्टॅटनंतरची दुसरी महत्त्वाची वस्तू तीच. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, खायच्या आधी वजन करा आणि लिहा. हिवाळ्यात दिवस लहान झाले की प्रौढ गेको आठवडेच्या आठवडे जेवत नाहीत, नर पैदाशीच्या काळात तर हमखास. वजन जागेवर असेल तर काळजी नको. शेपटीत चरबीचा साठा असतो तो याचसाठी. पण महिन्याभरात वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं किंवा शेपूट काडीसारखी होत चालली, तर डॉक्टर.

शेपूट मानेच्या रुंदीइतकी असली की तब्येत ठीक. काखेत फुगे दिसायला लागले आणि पोट जमिनीला घासतंय, तर खाणं कमी करा.

कातेबद्दल. पिल्लू आठवड्या-दोन आठवड्यांनी, मोठा साधारण महिन्या-दोन महिन्यांनी कात टाकतो आणि स्वतःच खाऊन टाकतो. म्हणून कात सापडली नाही तर शोधत बसू नका. आदल्या दिवशी रंग फिका, राखाडी होतो. तेव्हा हाताळू नका. कात टाकल्यावर मात्र बोटं मोजा. बोटांच्या टोकाला कातेची अंगठी राहिली की ती वाळून आवळते, रक्त थांबतं आणि दोन-तीन कातींत बोट गळून पडतं. राहिलीच तर झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू आणि जेमतेम पायाचे पंजे बुडतील इतकं २८ ते ३० अंशांचं पाणी घालून १५-२० मिनिटं ठेवा, मग ओल्या कापसाच्या काडीने बोटाच्या टोकाकडे हळूच लोटा. ओढायचं नाही. डोळ्यावर राहिली असेल तर घरी हात लावू नका.

पुन्हा पुन्हा कात अडकते? मग दमट गुहा नावालाच आहे. आतलं शेवाळ पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडेल इतकं ओलं हवं, गुहेत ७० ते ८० टक्के दमटपणा. टाकीची बाकी हवा ३० ते ४० टक्के. ही गुहा गरम बाजूला किंवा मध्यावर ठेवा. थंड टोकाला ठेवलीत तर आत गेको जाणार नाही आणि बुरशी मात्र येईल.

शंकासुर
एकटा कंटाळणार नाही का? दोन ठेवले तर? नर-मादी कसे ओळखायचे?

निशाचर
दोन नको. नर-नर एकमेकांना फाडतात. नर-मादी ठेवलीत तर नर तिला उसंत देत नाही आणि अंडी घालून घालून तिचं कॅल्शियम संपतं. दोन माद्या 'एकमेकींवर चढून झोपतात' ते प्रेम नव्हे, उबेच्या जागेवरची दादागिरी. एक जाड होते, एक वाळत जाते.

ओळख सहा महिन्यांच्या पुढे नीट पटते. मागच्या पायांमध्ये उलट्या 'व्ही' आकारात मेणचट ठिपक्यांची रांग आणि तिच्या खाली, शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे दिसले तर नर. त्याआधी 'नक्की मादी' सांगणारा विकणारा अंडी कोणत्या तापमानाला उबवली त्यावरून बोलत असतो. साधारण २६ अंशांना बहुतेक माद्या निघतात, ३२.५ च्या आसपास बहुतेक नर. अंदाज चांगला असतो, खात्री नसते. आणि मादी एकटी असली तरी वांझ अंडी घालू शकते, तेव्हा तिला उकरायला ओल्या मातीचा डबा हवा. पोट फुगलंय, सारखी उकरतेय, पण अंडी बाहेर येत नाहीत, ही तातडीची वेळ.

शेपूटजाड
घेताना काय बघायचं तेही लिहून टाकतो. डोळे उघडे आणि स्वच्छ, दहाही पुढची आणि दहाही मागची बोटं जागेवर, पोट उचलून चाल, जबडा घट्ट. चालताना थरथर, वाकडे पाय, रबरी जबडा म्हणजे हाडं मऊ झालीत. शेपूट काडीसारखी आणि विष्ठा पातळ असेल तर क्रिप्टोस्पोरिडियमचा संशय धरा. हा परजीवी एका गेकोपासून दुसऱ्याला लागतो, त्याच्यावर खात्रीचा इलाज नाही आणि ब्लीचला दाद देत नाही. दया येऊन असा गेको घरी आणू नका, विशेषतः घरात आधीचा असेल तर.

रंगांच्या जातींत दोन नावं लक्षात ठेवा. 'एनिग्मा' जातीत मेंदू-मज्जातंतूचा दोष येतो, गोल गोल फिरणं, मान वाकडी करून आकाशाकडे बघणं. 'लेमन फ्रॉस्ट' जातीत कातडीच्या पांढऱ्या रंगपेशींच्या गाठी होतात, त्याचं जनुक २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सापडलं. पहिल्यांदा पाळताय तर साधा पिवळा, काळ्या ठिपक्यांचा घ्या. रानातून पकडलेला कधीही नको. आणि तुम्ही राहता तिथे तो पाळायला परवानगी लागते का, ते आधी बघा.

कोरडवाहू
अवांतर, पण दर वेळी कोणीतरी विचारतंच. इथलं काहीही क्रेस्टेड गेकोला लावू नका. तो न्यू कॅलेडोनियाच्या जंगलातला, झाडावरचा. त्याला उंच टाकी, रात्री फवारलेलं पाणी आणि २२ ते २५ अंश पुरतात, २८ च्या वर गेलं की जिवाला धोका. तो काचेवर चढतो, फळांच्या भुकटीची पेस्ट चाटतो आणि त्याची शेपूट एकदा गळाली की परत येत नाही. लेपर्डची येते, पण बुटकी आणि गुळगुळीत.

डबाभर_अळ्या
शेपटीचा विषय निघालाच आहे तर हाताळणीचं थोडक्यात. आणल्यावर दोन आठवडे हात लावायचा नाही, फक्त खाणं, पाणी, सफाई. मग तळहात टाकीत सपाट ठेवून त्याला वर चढू द्यायचं. वरून चिमटीत उचलायचं नाही, शेपूट धरायची नाही. जमिनीवर बसून हाताळा, उभ्याने नको, हा उडी मारतो. आधी आणि नंतर साबणाने हात धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू निरोगी दिसणाऱ्या गेकोतही असतो. टाकीतली भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नका. शेपटीचं टोक हलू लागलं तर दोन अर्थ: समोर किडा असेल तर शिकारीची तयारी, किडा नसेल तर 'लांब राहा'. दुसऱ्या अर्थाला मान द्या.

शंकासुर
रिकामी टाकी चालवल्याचे चौथ्या दिवसाचे आकडे टाकतोय. ९० सेंमी, ७५ वॉट हॅलोजन, डिमिंग थर्मोस्टॅट ३४ वर. दगडाचा पृष्ठभाग (पिस्तूल) ४१, गरम गुहा २९, थंड टोक २७, रात्री २३. थर्मोस्टॅटच्या पडद्यावर बरोब्बर ३४. कुठे चुकतंय?

काचघर
प्रोब कुठे आहे?

शंकासुर
गुहेच्या मागे, काचेला चिकटवलेला. तळापासून साधारण १० सेंमी वर. दिवा मध्यापासून जरा डावीकडे.

काचघर
मग थर्मोस्टॅट मागच्या काचेजवळची हवा ३४ करतोय आणि दगड त्याच्या नकळत ४१ वर बसलाय. प्रोब काढा, दिव्याखालच्या दगडावर बांधा, ३५ लावा. दिवा डाव्या काचेपासून १५ सेंमीवर सरकवा. म्हणजे थंड टोक आपोआप २५ च्या आसपास येईल. तरी नाही आलं तर दिवा ५० वॉटचा करा, ७५ चा तुमच्या खोलीला जास्त होतोय. गुहा दगडाच्या शेजारी नको, त्या दगडाच्याच खाली हवी, सपाट पातळ दगडाचं छत असलेली. दगड तापतो आणि त्याच्या पोटाखालची पोकळीही तापते. तीन-चार सेंमी जाडीचा असेल तर बदला, एक ते दीड सेंमी पुरे. रात्रीचे २३ उत्तम, तिथे काही करू नका.

निशाचर
आणि प्रोबची वायर गेको ओढणार नाही अशी दगडामागून घ्या. प्रोब निसटून थंड बाजूला पडला तर थर्मोस्टॅट दिवा पूर्ण ताकदीने चालू ठेवेल. आकडे तीन दिवस, सकाळ-दुपार-रात्र लिहून परत इथे टाका. किडे अजून मागवू नका.